चिमीने बाटली धरली

ता. १९ मे ३८, पारोळा
जळगावहून आणवलेली काचेची बाटली आजही फुकट. कमलने, माझ्या सुनेने, चिमीला मांडीवर घेऊन पाजायला बघितलं. पोरीने रबराचं बोंड जिभेने ढकललं, आईच्या पदरात शिरली. शिरणारच.
कमल म्हणते, "आत्याबाई, मी धुळाले जावाव नही." म्हटलं गप. माझा दगडू गेला तेव्हा ही पोर तुझ्या पोटात होती. मास्तरीण झालीस तर दोघी कोणाच्या दारात उभ्या राहणार नाहीत. धुळ्याचं ट्रेनिंग जूनमध्ये सुरू. पोर बाटली घेईना तर सगळंच...

ता. २१
शेजारची ठकूबाई ओट्यावरून ओरडली, "कमल, तू घरमा शे तोवर ती बाटली लेवाव नही! तुना वास येस तिले." खरं बोलली मेली.
कमलला मळ्यात धाडलं. मी पाजायला बसले. आडवी धरली. ठसका, दूध नाकात, पोर निळी पडली. पाठ चोळली तेव्हा रडली. आज पुन्हा नाही. माझ्याने होणार नाही.

ता. २४
बोंड गरम पाण्यात धरून ऊन केलं. भुकेने पेटायच्या आतच बसले. पोरीला उभीशी धरली, बाटली जास्त कलती केली नाही. चार घोट, थांबली. थांबू दिली. मला कुठला धीर, पण दिला. आपणहून तोंड उघडलं. गाईचं दूध अर्धी बाटली गेलं!
कमल आली, चोळी दुधाने भिजलेली. "लिधी का तिनी?"
"लिधी."
हसली. मग मोरीत जाऊन बसली, बराच वेळ.

ता. ६ जून
धुळ्याच्या मोटारीत बसवली. मागे बघू नको म्हटलं. बघितलंच.

ता. १०
चिमी बाटली संपवते, मग माझी चोळी चाचपते. काय मिळणार बाई इथे. दगडूसुद्धा असाच... पुरे.

ता. १९, रविवार
कमल आली. पिशवी दारात टाकली, पोर छातीशी घेतली. दूध होतं थोडं. चिमीने तोंड फिरवलं, किंचाळली, हात माझ्याकडे.
"मले वळखस नही व ती."
"वळखी हळूहळू. पोर शे." मीच माझी सवय लावली ना तिला.
बाटली कमलच्या हाती दिली. पोर तिच्याकडून प्यायली, प्यायली ती बाटलीच.
मोटारीची वेळ होत आली. चिमी मांडीवर झोपलीय, कमल हलत नाही. "ऊठ, जा" म्हणायला पाहिजे. कोणी म्हणायचं, मीच. अजून म्हटलं नाही.