रेघ आहे, पुसट आहे

१२ जाने., सोम.
काल इरफान परत कुवेतला. गाडी दारात उभी, अम्मींनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला तो काढवेना. मी सुकटीचं पाकीट आणखी एका पिशवीत गुंडाळून बॅगेत कोंबलं. बोलायचं होतं ते तेवढ्यावरच राहिलं.

जाताना हळूच म्हणाला, "महिनाअखेर कंपनीला सांगायचंय, अजून दोन वर्षं राहतो का नाय. तुझं, बाळाचं, काय असेल तर कळव. असेल तर सही करत नाय, पनवेलकडं काम बघतो."
नसेल तर काय, हे दोघंही बोललो नाही.

आज दुकानात गेले. शेठ म्हणाले, एक दिवस घरी बसायचंस. घरी बसून काय करू. तीन चष्मे दिले, एकाची काडी बदलली.

१५ जाने., गुरु.
उशीचा अभ्रा धुवायला काढला आणि परत घातला. अजून त्याच्या तेलाचा वास आहे.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. तिकडे खोलीत चौघंजण, त्यामुळे हा फक्त हं, बरं, जेवलीस का. मी मोबाईल ओट्यावर टेकवून भाकऱ्या केल्या, तो बघत बसला. एकदा म्हणाला, "ती करपतेय." खरंच करपली होती.

१९ जाने., सोम.
धीर धरवला नाही. पाळीची तारीख अजून यायचीय, तरी सकाळी टेस्ट केली. किट धाकट्या बहिणीने, रुबीने, पेणहून मागेच पाठवलं होतं. रोह्यातला मेडिकलवाला अम्मींना ओळखतो, त्याच्याकडे कसं मागणार.

सकाळची पहिली लघवी, ड्रॉपरने तीन थेंब. सी वर रेघ लगेच. टी, जिथं दुसरी रेघ यायला हवी, ते कोरं. कोरंच. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं, दुकानात गेले. दिवसभर नुसती चिडचिड.

संध्या. – आल्यावर ते परत बाहेर काढलं. कशाला, माहीत नाही. खिडकीशी धरलं तर टीच्या जागी काहीतरी होतं. राखाडी, पाणी वाळल्यासारखं. फोटो काढला. इ.ला पाठवणार होते, रुबीला पाठवला. धाकटी असली तरी दोन मुलांची आई आहे ती.

लगेच फोन. "ताई, हे कधीचं?"
"सकाळी केलं."
"आणि रेघ कधी दिसली?"
"आत्ता."
"मग टाक ते. पाच मिनटांत दिसते तीच खरी. नंतर वाळताना उमटते ती धरायची नाय. आणि इतक्या लवकर करतं का कोण? पाळी चुकू दे आधी. पाकिटावर सगळं लिवलंय, वाच ना गो."

वाचलं. अगदी बारीक अक्षरात, पण लिहिलं आहे.

२० जाने., मंगळ.
गेल्या वर्षीचं आठवत बसले. तेव्हा रेघ दिसताच इ.ला फोन केला होता. त्याने खोलीत सगळ्यांना खजूर वाटले. अम्मींनी मोठ्या जावेला कळवलं, जावेने सगळ्या खानदानाला. मग चार दिवसांनी रक्त सुरू झालं. डॉक्टर म्हणाल्या, धरलं होतं पण टिकलं नाही, असं पुष्कळांचं होतं, तुमची काही चूक नाही.
इ. फोनवर म्हणाला, "जाऊ दे." मग बराच वेळ फोन चालू ठेवून नुसता बसला. लोक मात्र महिनाभर विचारत होते.

ह्या वेळी नक्की कळल्याशिवाय कुणाला नाही. त्यालाही नाही.

२३ जाने., शुक्र.
तारीख काल होती. आली नाही.

संध्याकाळी वारा धाटावच्या केमिकल कंपन्यांकडून. वासाने मळमळलं. मग आठवलं, त्या वासाने सगळ्या रोह्यालाच मळमळतं.

इ.ची सुट्टी, लवकर फोन. "काय?"
"काय नाय."
"नाय म्हणजे नाय, का अजून नाय?"
"अजून नाय."
हसला. किती दिवसांनी. मला ते हसणं ठेवून द्यायचं होतं.

२५ जाने., रवि.
अजून नाही. दुपारच्या गाडीने पेणला, रुबीकडे. अम्मींना सांगितलं, मुलांना भेटून येते. त्यांनी डब्यात खिमा दिला, बाकी काही विचारलं नाही.

स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून दोन किट घेतली. मागे उभी असलेली बाई माझ्याकडे बघून गोड हसली. तिला काय सांगणार.

२६ जाने., सोम.
मुलं झेंडावंदनाला गेली. मी बाथरूममध्ये, रुबी दाराबाहेर मोबाईलवर वेळ लावून.
सी. मग बराच वेळ काही नाही. मग टीवर आली. वेळेच्या आत. राखाडी नाही, गुलाबी. पण किती पुसट.

दुकानात मी रोज लोकांना विचारते, ही ओळ दिसते का, आता दिसते का. आज मलाच सांगता येईना. डोळे बारीक केले, लांब धरलं, जवळ धरलं.
रुबी म्हणाली, "हाय. पुसट असली तरी हाय ती."
"गेल्या वर्षीपण होती."
ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खाली मुलं आली, जिलेबी हातात.

२७ जाने., मंगळ.
रजा वाढवली. डॉक्टरबाईंनी किट बघितलं, म्हणाल्या, "रेघ आहे म्हणजे आहे. पण किती जोर आहे ते रक्तातच कळेल." रक्त दिलं. संध्याकाळी आकडा आला. लहान आहे.
"वाईट आहे का?"
"एका आकड्यावरून मी सांगणार नाही. परवा परत द्या. तो बराच वाढलेला हवा. तोवर जड उचलू नका, आणि दुखलं किंवा रक्त दिसलं तर लगेच या."

शेवटच्या गाडीने रोहा. डब्यात बसून इ.ला लिहिलं, आहे. एवढंच. पाठवलं की तो सही करणार नाही. आणि खोटंही नाही ते. नागोठणं येईपर्यंत बघत होते, मग पुसलं. परवा नसलं तर तो तिकडची नोकरी सोडून कशासाठी येईल? ह्या घरात, माझ्यासमोर बसायला?
मला तेवढ्यासाठीच यायला हवा आहे तो.

२८ जाने., बुध.
सकाळी अम्मींनी माझ्या कपातला अर्धा चहा स्वतःच्या कपात ओतला. "मी विचारत नाय गो. पण तू चहा कमी पी."
मग लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "माझी तिन्ही पोरं तिकडं. एकालापण मी थांब म्हटलं नाय. वाटायचं, त्यांनाच कळेल. त्यांना वाटलं, मला चालतंय."

संध्याकाळी फोन केला. इ.ला म्हटलं, खोलीबाहेर ये. तो जिन्यात बसला. सगळं सांगितलं. रेघ, आकडा, उद्याचं रक्त.
तो म्हणाला, "म्हणजे हाय का नाय?"
"माहीत नाय. आज हाय."
"मग मी कंपनीला काय सांगू?"
"रेघेवरून ठरवू नकोस."
"मग कशावरून?"
लग्नाला सहा वर्षं. इतक्यांदा तो दारातून गेला. मी प्रत्येक वेळी सुकट बांधली.
म्हटलं, "तू ये. मूल असो नसो. मला तू इथं पायजे."
जिन्यातून कोणीतरी वर गेलं, त्याने त्याला सलाम केला. मग म्हणाला, "हे आधी कधी बोलली नायस."
"नाय."
"कर्ज नाय, काय नाय, तरी मी इथंच. मला वाटायचं तुला तसंच बरं वाटतं."
फोन त्याने ठेवला नाही, मीही नाही.

२९ जाने., गुरु.
सकाळच्या गाडीने पेण. रक्त दिलं. दंडावर कापूस. पोटात दुखत नाही, दुखतं असं वाटत राहतं.

इ.चा मेसेज – आज साहेबाला भेटतोय. काय सांगणार ते लिहिलं नाही. खाली – रिपोर्ट आला तर एकटी बघू नको, मी फोन करतो.

रुबी घरी चल म्हणाली. नको म्हटलं. पेण स्टेशनवर बाकावर बसलेय. समोर एक बाई टोपलीत पांढरे कांदे घेऊन, तिची लेक मांडीवर झोपलीये. बघायचं नाही ठरवलं, तरी बघतेय.

लॅबचा मेसेज आत्ताच आला. उघडला नाही. रोह्याची गाडी आली, सोडली. गाडीत मध्ये मध्ये रेंज जाते. तिकडे इ.ची आत्ता जेवणाची सुट्टी होत असेल.