डाव्या चाकाचे बोल्ट

प्रिय बाबा,

अक्काकडे तुमची तब्येत बरी असेल. इकडे माझी पाठ पार कामातून गेली आहे. नऊ दिवस त्या पिवळ्या विमानाच्या पोटाखाली आडवा आहे. तुम्ही ज्याला ‘आजोबा’ म्हणायचात, तेच. दोन्ही चाकांचे पाय उतरवले. सांध्यातले बुश, म्हणजे आतल्या नळ्या, झिजून लांबट झाले होते आणि धक्का झेलणारे रबरी दोर इतके वाळले होते की नखाने भुगा पडायचा. नवे दोर ताणून चढवायला तीन माणसे लागली. माझ्या चार बोटांची सालटी गेली, म्हणून अक्षर वाकडे आहे.

डाव्या पायाचे बोल्ट तुमचे निघाले. बोल्ट सुटू नये म्हणून घालतात त्या पिनांची दोन्ही टोके आत दुमडलेली, पुसताना फडके अडकू नये म्हणून. असे दुसरे कोणी करत नाही. त्या जुन्या पिना मी फेकल्या नाहीत, खिशात आहेत. उस्ताद बघून म्हणाले, तुझ्या बापाचा हात म्हणजे हात होता. उजव्या पायाबद्दल इथे कोणी बोलत नाही.

नवे बोल्ट मी बसवले आणि तीनदा उघडून पुन्हा बसवले. चौथ्यांदा पाना उचलला तेव्हा उस्तादांनी तो काढून घेतला. म्हणाले, अरे, बोल्ट आहे तो, चुलीवरचे दूध नाही सारखे डोकावून बघायला.

आपला नियम तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याने चाक बसवले, त्याने पहिल्या उड्डाणाला मागे बसायचे. काल सकाळी विमान बाहेर काढले. साहेब लंगडत आले, वैमानिकाच्या जागेवर बसले आणि मला म्हणाले, चल, बस. मी सांगितले, ताप आहे. त्यांनी हात बाहेर काढून माझ्या कपाळाला लावला. कपाळ गार होते. ते रागावले नाहीत, खाली उतरले.

बाबा, अकरा वर्षांपूर्वी चाके बसवून तुम्हीही तापच सांगितला होता. साहेब एकटे वर गेले, उतरताना बोल्ट तुटून उजव्या चाकाचा पाय मोडला आणि साहेब जन्माचे अधू झाले. तुम्ही त्या दिवसापासून इथे पाऊल ठेवले नाही. लोक म्हणाले, याला आधीच ठाऊक होते. मी तोंडाने कधी बोललो नाही, पण मनात तेच धरून होतो. काल कळले, ठाऊक काहीच नसते. नुसते पाय उचलत नाहीत.

तो बोल्ट तुमच्या चुकीने गेला की वयाने, हे आता कोण सांगणार? तो केव्हाच भंगारात गेला. उड्डाण शनिवारवर ढकलले आहे. मी दोन्ही पायांच्या पिना काढून कोणी उडवू नये म्हणून विमानाला लाल फडके बांधले आहे. तुम्ही शुक्रवारी सकाळच्या गाडीने या. साहेबांना विचारले आहे. ते म्हणाले, अक्काच्या घराचे जिने मला चढवत नाहीत, नाहीतर मीच आणायला गेलो असतो. नव्या पिना डब्यात ठेवल्या आहेत. बोल्टांवरून एकदा तुमचा हात फिरू दे आणि पिना तुम्हीच दुमडा, मग शनिवारी मी बसेन. तुमचा हात हल्ली थरथरतो, असे अक्काने कळवले आहे. थरथरू दे. पक्कड मी धरीन, तुम्ही फक्त कुठे वाकवायचे ते सांगा.

तुमचाच,
धाकटा