ओरखड्यांचा दगड

कॅम्प एक, भिलाई

तीर्थस्वरूप ताईस देवरावचा साष्टांग नमस्कार.

मी वेळेवर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? अनिमेष गेला तेव्हा तुला येता आलं नाही, म्हणून कळवतो.

तुझ्या चंद्रपूरहून त्यानं ओरखड्यांचा दगड आणला होता. म्हणाला, "बाबा, हा कोट्यवधी वर्षांपूर्वी बर्फानं घासला. तेव्हा आपली जमीन दक्षिण ध्रुवाजवळ होती, मग सरकत उन्हात आली."

मी हसलो, "चंद्रपुराले कावून बर्फ असन? ऊन लागलं काय तुले?"

आता त्याचं सगळं खरं वाटतं.

चितेपाशी गुरुजींनी जीवखड्याला दगड मागितला; म्हणाले, दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यातच असतो. मी खिशातला तोच दिला. दहाव्याला शिवनाथ नदीत सोडला, पण काठाशीच अडकलाय. रोज बघून येतो.

ताई, परत घरी आणला तर पोराला पुढे जायला त्रास होईल का?

तुझा धाकटा,
देवराव