रोदिओनदादाने मागवलेली माती

तोकमोक,
रादोनित्साच्या दुसऱ्या दिवशी, बुधवार

ती. रोदिओनदादास,

ख्रिस्त उठला आहे. (यावर "खरोखर उठला आहे" असं तू मोठ्याने म्हणायचं आहेस. स्वयंपाकघरात एकटाच बसला असलास तरी म्हण, मी नंतर विचारणार आहे.) आम्ही सगळे खुशाल आहोत. वेनियामिनची कंबर, ग्लाफिरामावशीचे गुडघे आणि माझं डोकं सोडलं तर इकडे कोणाला काही झालेलं नाही. इनेसावहिनीचे सांधे आता कसे आहेत ते कळव. तुझ्या प्रकृतीचं मी विचारत नाही, कारण ईस्टरला फोनवर तू "उत्तम, उत्तम" म्हणालास आणि बोलता बोलता गोळ्यांची नावं सांगून बसलास. दादा, तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेल्या बाईला फसवायचं तर निदान गोळ्यांची नावं तरी सांगू नयेत. उत्तम प्रकृतीच्या माणसाला त्या कोणी देत नाही. डॉक्टर हृदयाचं ऑपरेशन करा म्हणतात आणि तू फेब्रुवारीपासून "बघू" म्हणतो आहेस, हे मला वहिनीकडून कळलं. (तिच्यावर ओरडू नकोस. मीच खोदून खोदून विचारलं.)

आणि मग फोन ठेवता ठेवता, शेपूचं बी मागवावं तशा आवाजात म्हणालास, "कापा, या वेळी आईकडे गेलीस तर तिच्या कबरीवरची मूठभर माती पाठवून दे. माझ्यासोबत ठेवायला." सोबत म्हणजे कुठे आणि ठेवायची कधी, हे न सांगता फोन बंद केलास. त्यानंतर दोन दिवस मी वेनियामिनवर डाफरत होते. त्या बिचाऱ्या नवऱ्याला अजून कारण माहीत नाही. तर ती माती आणायला आम्ही काल, रादोनित्साला, सगळे आपापल्या मृतांना अंडी घेऊन भेटतात त्या दिवशी, कसे गेलो आणि त्याचं काय झालं, ते सविस्तर लिहिते.

तुला आठवत असेल, लहानपणी आपण त्या काठावरच्या आपल्या गावातून पूल ओलांडून या काठावर सिनेमा बघायला चालत यायचो आणि येताना सूर्यफुलाच्या बिया खात परत जायचो. आता तो पूल बंद आहे आणि देश फुटल्यापासून पलीकडे परदेश आहे. नदीवर उभं राहिलं की दफनभूमीची पोपलरची झाडं अजून दिसतात, पण तिथे जायला पासपोर्ट घेऊन अर्ध्या जिल्ह्याला वळसा घालावा लागतो. आई जिथे होती तिथेच आहे, ती एक इंचही हललेली नाही, आणि तरी आम्ही तिच्याकडे परदेशी जातो. मध्यंतरी सीमाच बंद होती, मग वेनियामिनची कंबर धरली, मग आणखी काहीतरी निघालं, अशी तीन वर्षं गेली. या वर्षी मात्र मी, वेनियामिन, आमची निका आणि मावशी अशी चौघं पहाटेच गाडीत बसलो. सोबत साठ रंगवलेली अंडी, ईस्टरचे तीन गोड पाव, कोबीच्या कचोऱ्या (निम्म्या सीमेआधीच संपल्या, नाव घेत नाही, पण त्याची कंबर दुखते), कुदळ, विळा, ब्रश आणि कुंपणासाठी निळ्या रंगाचा डबा. आईचं कुंपण कायम निळंच राहील असं तू नव्वद साली ठरवलंस आणि मग वोरोनेझला निघून गेलास, तेव्हापासून निळ्याची जबाबदारी माझी आहे.

सीमेवर तीन तास. शेवटी एका कोवळ्या अधिकाऱ्याने खिडकीत वाकून विचारलं, कोणाकडे चाललात. मी म्हटलं, आईकडे. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या सीटवरच्या मावशीकडे पाहिलं आणि आईचं वय विचारलं. मी म्हटलं, असती तर पंच्याण्णव. मग त्याने राहण्याचा पत्ता विचारला, तर निका मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "दफनभूमी, तिसरी रांग." तो बिचारा अर्जावरच्या रकान्या-रकान्याने पुढे जात होता, त्यामुळे पुढचा प्रश्न होता मुक्काम किती दिवसांचा. त्यावर मावशी डोकं बाहेर काढून म्हणाली, "तिचा की आमचा?" मग सगळं सामान उतरवलं गेलं. रंगाचा डबा पेट घेणारा म्हणून काढून घेतला. मावशीने त्याला एक लाल अंडं दिलं, तो नको म्हणाला, तर त्याच्या खिशात कोंबलं आणि सांगितलं, "परत दिलंस तर पाप लागेल, बाळा, तुला नाही, मला." पलीकडच्या गावातल्या दुकानात रंग होता, पण फक्त गुलाबी. वेनियामिन म्हणाला, तुझ्या आईला गुलाबी आवडायचा. (तिला आयुष्यात कधीही गुलाबी आवडलेला नाही.) मी घेतला, कारण ऊन चढत होतं आणि माझ्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं.

दफनभूमीत पोचल्यावर वेनियामिन म्हणाला, डोळे मिटून दाखवतो, तिसरी रांग, मोठ्या झाडाच्या डावीकडे. झाड तोडलेलं होतं. उरलं काय, तर एकाच वेल्डरने एकाच नळीतून केलेली कुंपणं, एकाच मापाचे लोखंडी क्रूस आणि गंजलेल्या पाट्या. रांगेच्या टोकाला दोन कबरी शेजारी शेजारी. एकीचं कुंपण ताजं निळं, बाक पुसलेला, आत ट्युलिप. (निळं म्हणजे काय, अर्धी दफनभूमी निळी आहे, त्यावरून काय कळणार.) दुसरीवर कमरेएवढं तण. दादा, आम्ही एक क्षणही थांबलो नाही. चौघंही सरळ तणात शिरलो. इथे तीन वर्षं कोणी फिरकलेलं नाही, म्हणजे ही आपलीच, हे इतकं उघड होतं की पाटी वाचावी असं कोणाच्या मनातही आलं नाही. वर मी आमच्या पिशव्या शेजारच्या स्वच्छ बाकावर ठेवल्या आणि वेनियामिनला म्हटलं, "बघ, काही लोकांना मुलं असतात."

दोन तास आम्ही तण उपटलं. वेनियामिन एकीकडे कण्हत होता आणि एकीकडे कुंपणाला गुलाबी रंग फासत होता. मावशीने स्टूल मागवलं आणि ताईला तीन वर्षांचा वृत्तांत द्यायला घेतला. साखर महागली, नवा पाद्री प्रार्थना घाईत उरकतो, रोदिओन डॉक्टरांना भितो (तिचे शब्द आहेत, माझे नाहीत), आणि शेवटी मोठ्या समाधानाने म्हणाली, "तो मेला पोलिकार्प सुखोव, ज्याने तुझं पाटाचं पाणी वळवलं, तो नरकातच असणार बघ, तू काळजी करू नकोस." मग तिने अख्खी प्रार्थना म्हटली, "चिरंतन स्मरण" तीनदा गायलं आणि पोटभर रडली. मीही रडले. रडता रडताच अंडं ठेवलं, रुमाल पसरला, क्रूसाच्या पायथ्याची मूठभर माती त्यात घेतली आणि गाठ मारली. गाठ नीट बसेना, आणि मला तुझा इतका राग आला होता की तू समोर असतास तर मी तुला कुदळ मारली असती.

तेवढ्यात तारेच्या ब्रशने पाटी घासणारी निका म्हणाली, "आई, आजीचं नाव पोलिकार्प होतं का?"

वेनियामिन ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला. कुंपणाचा शेवटचा दांडा राहिला होता, तो त्याने सवयीने रंगवून टाकला. मावशी म्हणाली, "प्रार्थना काही परत घेता येत नाही, राहू दे त्याला. पण ते नरकाचं मी त्याच्या तोंडावर बोलले, ते बरं झालं नाही." आणि तिने सुखोवला आणखी एक अंडं ठेवलं. ज्याच्याशी आईने बावीस वर्षं अबोला धरला, त्याच्यासाठी तिच्या बहिणीने आणि लेकीने दोन तास अश्रू गाळले होते.

इतक्यात पाण्याचा डबा घेऊन कुल्याश आली. (आपल्या शेजारची, जिच्या जर्दाळूवरून तू पडला होतास. आता तीही सत्तरीची आहे.) तिने गुलाबी कुंपणाकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"कापा, सुखोववर एवढी माया कधीपासून?"

"आम्हाला वाटलं, आई."

"तुझी आई ही काय, तुझ्या पिशव्यांखाली."

तिनेच गेल्या आठवड्यात निळा रंग दिला होता. आम्ही येईनासे झाल्यापासून दर वर्षी देते. मी विचारलं, सांगितलं का नाहीस कधी, तर म्हणाली, यात सांगायचं काय, माझ्या आईकडे जाताना वाटेत लागते. (तिची आई मुसलमानांच्या दफनभूमीत आहे, रस्त्यापलीकडे. वाटेत मुळीच लागत नाही.) दादा, मला तोंड लपवायला जागा नव्हती. पिशव्या उचलल्या, सुखोवची माती सुखोवला परत केली, रुमाल झटकला आणि आईच्या पायथ्याची नवी मूठ बांधली. या वेळी रडायला आलं नाही, सगळं शेजारी संपलं होतं. नंतर कुल्याशने घरी नेऊन चहा आणि कणकेचे तळलेले बौरसाक खाऊ घातले आणि तुझी चौकशी केली. म्हणाली, रोदिओनला सांग, आलास की शोधत बसू नकोस, नीट राखलेली आहे तुझी आई.

परतताना तोच अधिकारी. बी-बियाणं, रोपं, माती, काहीही सीमेपार नेता येत नाही, अशी मोठी पाटीच आहे. त्याने पिशवी उघडली आणि रुमाल बाहेर काढला. तेव्हा दादा, माती काही आली नाही. नियम म्हणजे नियम, त्यापुढे आपलं काय चालणार. माझ्यावर रागावू नकोस, मी माझ्याकडून केलं तेवढं केलं.

वहिनीला नमस्कार सांग. वेनियामिन, निका आणि मावशी तुझी आठवण काढतात.

तुझी धाकटी बहीण,
कापितोलिना

ता. क. सोबत मध पाठवते आहे. तो वहिनीच्या सांध्यांसाठी आहे, तुझ्या चहासाठी नाही.

ता. क. २. निकाने पत्र वाचलं आणि म्हणते, मामाला खोटं लिहिलंस, आता तूच नीट कर. करते. सीमेवरच्या त्या मुलाने गाठ सोडली आणि विचारलं, हे काय. मी म्हटलं, आईची माती. कोणासाठी? भावासाठी, वोरोनेझला. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तो स्वतः का नाही आला?" याचं उत्तर तूच दे, दादा. त्याने गाठ पुन्हा बांधली, माझ्यापेक्षा घट्ट, आणि रुमाल माझ्या हातात ठेवला. माती माझ्या कपाटात आहे.

ता. क. ३. ती मी पाठवणार नाही. तू ती कशासाठी मागितलीस ते मला कळतं. ऑपरेशनची तारीख घे आणि ती वहिनीकडून मला कळव, म्हणजे ती तारीख खरी आहे की नाही ते मी तिलाच विचारू शकेन. मग बरा हो, ये, आणि हवी तेवढी माती स्वतःच्या हाताने घे. तुला भीती वाटते, मलाही वाटते. पण वोरोनेझला कोणी कुल्याश नाही. माझ्याच्याने परदेशातली एक कबर राखवत नाही, दादा, आणि तू मला दुसरी द्यायला निघाला आहेस.