पट्टीवरचा पिवळा चौकोन

१९ जानेवारी, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. फोन हाताशी असताना ठमी पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. पण फोन लावला की भावजी स्पीकर सुरू करतात आणि तू मला कुंडीतल्या झाडाला किती पानं आली ते सांगत बसतेस. म्हणून हे गाऊनच्या घडीत ठेवून पाठवतेय. आधी एकटी वाच.

इकडे ठीक. लॅबमधलं नवं यंत्र आठवड्यातून दोनदा रुसतं. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीला अखेर काच बसली. माझी पाळीही आता लहरी झाली आहे. दोन महिने दडी मारते आणि मग आली की मुक्कामच ठोकते. तुझ्यामागे दोन वर्षांनी मी, हे आपलं जन्मापासूनच ठरलेलं.

दोन गाऊन शिवलेत, पुढून उघडणारे. मूत्राशय काढल्यावर पोटाला पिशवी लावणार म्हणाले ना, म्हणून कमरेला सैल ठेवलेत. शिवण कुठे वाकडी दिसली तर तोंड वाकडं करू नकोस. शिवताना मला नीट दिसत नव्हतं.

परवा फोनवर भावजी म्हणाले, "शंभरदा विचारलं हिला, काही होतंय का? तोंडातून शब्द काढला नाही. आता भोगतेय." मागून तुझा आवाज आला, "माझंच चुकलं हो. अंगावर काढलं मी."

आणि मी काय म्हणाले? "बरं, ठेवते मग."

ताई, तू अंगावर काढलं नव्हतंस. तू मला सांगितलं होतंस. मे महिन्यात चार दिवस राहायला आलीस तेव्हा. बाथरूममधून बाहेर आलीस आणि पोळपाट पुसता पुसता म्हणालीस, "ठमे, लघवीला गुलाबी दिसतं गं कधी कधी. पाळीचंच असेल ना?"

मी तुझ्या लघवीची डबी रुमालात गुंडाळून लॅबमध्ये नेली. घरचं काम म्हणून वहीत नाव घातलं नाही. सगळे गेल्यावर तपासणीची पट्टी तिच्यात बुडवली आणि मिनिटभर धरून उभी राहिले. रक्त असेल तर तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवा होतो. तो पिवळाच राहिला. त्यानंतर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हा नियम आहे. पण दिवसाचं काम संपलं म्हणून सूक्ष्मदर्शकावर मी आधीच कव्हर घातलं होतं, आणि ते पुन्हा काढायचा मला कंटाळा आला. एवढंच. कंटाळा आला.

घरी येऊन वर शहाणपण पाजळलं. "एकदम स्वच्छ आहे. पाळी जायच्या आधी असले खेळ चालायचेच. अंगात ताकद नाही तुझ्या. माझ्या गोळ्या मात्र सोडू नकोस."

माझ्या गोळ्या. पाण्यात फसफसणाऱ्या, संत्र्याच्या वासाच्या, व्हिटॅमिन सीच्या. या वयात बाईला ताकद हवी, कातडी चांगली राहते, थकवा जातो, असं कुठे कुठे वाचून मीच तुला पाठवत होते. तू दिवसाला दोन घ्यायचीस. तुझा गोळ्यांवर नव्हता विश्वास, माझ्यावर होता.

आता फोनवर जे तोंडातून निघत नाही ते लिहिते. व्हिटॅमिन सी एवढं घेतलं की ते लघवीत उतरतं, आणि रक्त असलं तरी पट्टीचा रंग बदलू देत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. आमच्या टेबलामागच्या भिंतीला कागद चिकटवलाय, 'पट्टी बुडवण्याआधी विचारा : व्हिटॅमिन सी घेता का?' अक्षर माझं आहे. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारते. तुलाच विचारलं नाही, कारण तू काय घेतेस हे मला विचारावं लागतच नव्हतं.

मीच पट्टीला आंधळं केलं आणि मीच ती वाचली.

डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर गाठ आतून खरवडून भागलं असतं. मग त्यांनी विचारलं, "मधे कधी लघवी तपासली होती का?" मी दाराशी उभी होते. तू लगेच म्हणालीस, "नाही, कधीच नाही." माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

ताई विसरली, असं मी जिना उतरेपर्यंत मनाशी घोकत होते. विसरतेस कसली! लहानपणी कपाटाचा आरसा मी फोडला, तेव्हाही कुणी विचारायच्या आत "मी फोडला" म्हणून मोकळी झालीस. मार तू खाल्लास आणि मी दाराआडून बघत राहिले. आताही तेच करतेय. माझी नोकरी वाचावी म्हणून तू घरभर बोलणी खातेस, आणि मी चव्वेचाळीस वर्षांची बाई अजून दाराआडच आहे.

आज सकाळी लॅबच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सोमवारपासून येऊ नकोस म्हणाल्या. मला काहीच वाटलं नाही. त्याने तुझे आठ महिने परत येणार नाहीत, कशानेच येणार नाहीत. भांडी घासताना, बसमध्ये, मला तो चौकोन दिसतो. दर वेळी पिवळाच.

गोळ्या आजपासून बंद कर, आणि घेत होतीस ते डॉक्टरांना सांग. मग हे पत्र भावजींना मोठ्याने वाचायला लाव, एक ओळ न गाळता. ते मला काय बोलायचं ते बोलू देत. तू मधे पडू नकोस.

सोमवारी तुझं ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर असेन. तू रागावशील याची मला भीती नाही. तू शुद्धीवर आल्या आल्या माझीच समजूत काढायला लागशील, याची आहे. तेवढं करू नकोस, मला सोसणार नाही.

हाही आरसा मीच फोडलाय, ताई. या वेळी मला म्हणू दे.

जिला तू जन्मभर पाठीशी घातलंस, ती
ठमी