खिळ्यावरची गुळवेल

अहो,

आज काढा उकळू नका. तुमच्या डोळ्यांचा पिवळेपणा तुम्ही म्हणता तसा ट्यूबलाइटचा नाही. कालच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला सेक्टर दहाला जातेय, मग डॉक्टरांकडे जाऊ.

खिळ्याला टांगलेला गुळवेलीचा तुकडा बघा. माती नाही, पाणी नाही, तरी कोवळं पान फुटलंय! मी चहा विसरून बघतच राहिले. माझी आई तापात हिचा काढा दोन-तीन दिवस द्यायची, मग बंद. तुम्ही दिवाळीपासून रोज पेलाभर पिताय. शेजारच्या गुप्ताजींचं ‘बिल्कुल नॅचरल है’ पुरे झालं. काहींच्या यकृताला ती बाधते, वाचलंय मी. एवढी ताकद असलेल्या वेलीशी सलगी कसली करता?

डॉक्टरांपासून काढा लपवू नका. पोहे झाकलेत.

वेल तोडली तरी पुन्हा फुटते. तुम्ही मला एकच आहात.

वीणा