जागा भरल्या आहेत

ती. बाबांना,
न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोएहून विनयाचा नमस्कार. हॉस्पिटलातली माझी नोकरी ठीक चालली आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

मुग्धाच्या शाळेचं विचारलंत. इथे आता पालकांनी हवी ती शाळा निवडायची. आम्ही नावाजलेली निवडली. मुलाखतीला मुग्धाने तुम्ही शिकवल्याप्रमाणे मुख्याध्यापकांना वाकून नमस्कार केला. ते दचकून मागे सरकले. मग जागा भरल्या आहेत म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गोऱ्या बाईंच्या मुलाला तिथे जागा मिळाली. "आपल्या वस्तीतल्या शाळेत बाहेरची मुलं फार झाली, म्हणून त्याला तिथून काढलं," हे त्यांनी कुंपणापलीकडून मलाच सांगितलं.

मुग्धा आता त्याच वस्तीतल्या शाळेत जाते. वर्ग निम्मा रिकामा असतो. हव्या त्या खुर्चीवर बस म्हणतात. आमच्या वाट्याला तेवढीच निवड आली.

आईला सांगा, शाळा अगदी घराजवळ मिळाली.

तुमची,
विनया